बुधवारचा क्वार्टरबॅक

गॅरेट नोव्होसेल बॉल कसा फेकतो, हे त्या शहरात कुणालाच माहीत नव्हतं. फेकताना त्याला सगळे बघायचे, अगदी रोज बघायचे, पण तेव्हा तो दुसराच कुणीतरी असायचा.

अमेरिकन फुटबॉलचा सामना रविवारी. समोरून कुठला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचं आक्रमण चालवणारा गडी, येणार हे आधीपासून ठाऊक. त्याच्या हाताची, पायाची, खोडींची आपल्या बचावफळीला सवय व्हावी म्हणून बुधवारपासून आपल्यातलाच एक जण त्याचं सोंग घेऊन समोर उभा राहतो. हे काम प्रत्येक टीममध्ये कुणीतरी करतंच, आणि बहुतेक जण नाक मुरडत कसंबसं उरकतात. गॅरेट ते इतकं हुबेहूब करायचा की बचावफळीतले धिप्पाड गडी सोमवारी येऊन त्याला म्हणायचे, "काल तो खरा आला होता ना, तो तुझ्यापेक्षा जरा कमीच वाटला रे." टीममध्ये त्याला झेरॉक्स म्हणत. प्रेमाने म्हणत, आणि वाईट होतं ते हेच. शिवी असती तर उलटून बोलता तरी आलं असतं.

अशी तीन वर्षं गेली होती. सामन्याच्या दिवशी त्याला खेळाडूचा पोशाखही मिळत नसे. सरोवरावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात तो ट्रॅकसूट घालून कडेला उभा राहायचा आणि आतल्या खेळाडूंना पाणी प्यायची आठवण करून द्यायचा. व्यावसायिक क्वार्टरबॅक म्हणून त्याची नोंद होती, पगार होता, गावात त्याच्या नावाचं बॅनरसुद्धा लागलेलं होतं. एक सामना तेवढा नव्हता.

त्याचं गाव क्लेफर्ड, मोनोंगाहेला नदीच्या काठावरचं. पोलादासाठी दगडी कोळसा भाजायच्या कोकच्या भट्ट्या होत्या तेव्हाचा वास अजून पडद्यांतून गेला नाही असं तिथल्या बायका म्हणतात. बाप रुडी नोव्होसेल रस्ते खात्यात होता. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा ट्रक, उन्हाळ्यात डांबर. रुडीने आयुष्यात डबल शिफ्टला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि हे लोकांना कळावं म्हणून तो लोकांवर अवलंबून राहत नसे. चर्चमध्ये उपासाच्या शुक्रवारी मासे तळून वाढतात तिथे, न्हाव्याकडे, एकदा तर पित्ताशय काढायला नेत असताना स्ट्रेचरवरून नर्सला, सगळीकडे तो ते स्वतःच सांगायचा. आई लॉरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात. कोबी घालून लोण्यात परतलेल्या नूडल्स तिच्यासारख्या नदीच्या दोन्ही काठांवर कुणी करत नसे, आणि याबद्दल मात्र ती गप्प असायची.

पोराकडे दोन गोष्टी जन्मजात होत्या. एक त्याचा हात. बॉल थेट कानाजवळून सुटायचा, मागे नेणं नाही, झोका नाही, काही नाही. समोरच्याला वाटायचं अजून हातातच आहे, तोवर तो पलीकडे पोचलेला असायचा. दुसरी गोष्ट त्याची नजर. माणूस उभा राहिला की त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, खांदा कुठे कलणार, हे त्याला आपोआप दिसायचं. मैदानावर या नजरेने तो समोरची बचावफळी उघड्या पुस्तकासारखी वाचायचा. घरी त्याच नजरेने तो चर्चमधल्या पाद्रीबाबांची नक्कल करायचा, आणि लॉरेटा हसून हसून स्वयंपाकघरात खाली बसायची. दोन्ही कामं एकाच नजरेची आहेत आणि त्यातलं एक दुसऱ्याला गिळू शकतं, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. बहुरूप्याला पोराबाळांत मान फार असतो, पण त्याचं खरं तोंड कसं होतं हे कुणी विचारत नाही.

शाळेत असताना शुक्रवारी रात्री सगळं क्लेफर्ड मैदानावर यायचं. मग कॉलेज मिळालं, तेही टीव्हीवर कधी न दिसणारं. तिथले सगळे विक्रम त्याने मोडले, पण उंची बेताची, कॉलेज लहान. मोठ्या टीम्सनी त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा त्याचं नाव कुणी घेतलं नाही. लेनी नावाचा एक एजंट होता, भलताच आशावादी माणूस. त्याने धडपड करून त्याला या टीमच्या उन्हाळी शिबिरात घुसवलं. शिबिरातून बहुतेकांना ऑगस्टअखेर घरी पाठवतात. गॅरेटनेही बॅग भरलेलीच होती.

त्या शेवटच्या दिवसांत बचावफळीचे कोच एल्रॉय ब्रूस्टर वैतागले होते. दात कोरायची काडी सदा तोंडात, आवाज फाटका, आणि बचाव शिकवण्यात देशात हात धरणारा कुणी नाही असा हा माणूस. समोर शत्रूचं सोंग घेऊन उभं केलेलं पोरगं काही केल्या जमवत नव्हतं. ब्रूस्टर ओरडत होते, "अरे, हा काय बॉल फेकतोय की कोंबड्यांना दाणे टाकतोय!" गॅरेट कडेला उभा होता. नाहीतरी उद्या घरीच जायचंय, थोडी मजा करू, म्हणून तो पुढे झाला. त्याने पँट वर ओढली, बोटांना थुंकी लावली, मान वाकडी केली आणि त्या आठवड्यात समोर येणाऱ्या क्वार्टरबॅकसारखा बॉल उंच, आळसटलेला असा फेकला. बचावफळी पोट धरून हसली. ब्रूस्टर हसले नाहीत. त्यांनी तोंडातली काडी काढली.

"परत कर," ते म्हणाले.

त्याने परत केलं. टीमने त्याला ठेवून घेतलं. आत शिरला तो त्या दिवशी, आणि पिंजऱ्याचं दार लागलं तेही त्याच दिवशी. पण क्लेफर्डमध्ये त्या संध्याकाळी केक कापला गेला.

हे काम बाहेरून गमतीचं वाटतं. आतून ते असं असतं. एक सहायक हातात कार्ड धरून उभा राहतो. कार्डावर शत्रूची चाल काढलेली असते, आणि बॉल झेलायला पळणाऱ्यांपैकी एकाभोवती गोल केलेला असतो. फेकायचं त्या गोलातल्यालाच. त्याला दोघांनी घेरलेलं असो, दुसरा कुणी हात हलवत एकटा पळत असो, तरी गोलातल्यालाच. सुरुवातीला गॅरेटचा हात आपोआप मोकळ्या माणसाकडे जायचा. लगेच ब्रूस्टर शिट्टी मारायचे.

"पोरा, तुला विचार करायला कुणी सांगितलं?"

"कोच, तो मोकळा होता."

"रविवारी तो मोकळा नसेल. गोल बघ आणि फेक."

क्वार्टरबॅकचं सगळं शहाणपण कुठे फेकायचं हे ठरवण्यात असतं. गॅरेटने तीन वर्षं काही ठरवलंच नाही. सुरी चांगली होती, पण तिला रोज लोण्यावर फिरवत होते.

त्याने सुटायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. दुसऱ्या वर्षी एका टीमने त्याला मागणी घातली, चक्क खेळवायला. ब्रूस्टर वरच्या मजल्यावर साहेबांकडे जाऊन टेबल बडवून आले. टीमने पगार वाढवला, लेनी म्हणाला थांब, आणि गॅरेट थांबला. मग त्याने आपल्या आक्रमणाच्या कोचना विचारलं, मला तुमच्याकडे थोडा सराव द्याल का? ते म्हणाले, "ब्रूस्टर सोडत असतील तर ये की." ब्रूस्टर कशाला सोडतील? त्यांची बचावफळी देशात पहिली आली होती. प्रत्येक विजयानंतर गॅरेटच्या पायातली बेडी एक कडी आणखी घट्ट व्हायची, आणि तोच टाळ्या वाजवत असायचा.

एका विजयानंतर तर कहर झाला. सामन्यात जो सगळ्यात चांगला खेळला त्याला पोशाखाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, सामन्याचा बॉल देतात. त्यावर त्याचं नाव रंगवून घेतात. बचावफळीचा कप्तान ओमारी वेस्ट भिंतीसारखा माणूस, पण मनाचा साखर. त्याने तो बॉल गॅरेटला दिला. त्यावर नाव आणि आकडा रंगवला होता हरलेल्या टीमच्या क्वार्टरबॅकचा. ओमारी म्हणाला, "या वर्षी मी ज्या ज्या क्वार्टरबॅकशी खेळलो, त्यांच्यातला सगळ्यात भारी हा!" खोली हसून दणाणली. गॅरेटनेही हसत बॉल डोक्यावर धरला. घरी गेल्यावर त्याने तो गाडीच्या डिकीतून काढलाच नाही.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तो एकटा बागेत गेला. फोन एका बाकाला टेकवून ठेवला आणि जाळीत बॉल फेकत बसला. स्वतःसारखे, कानाजवळून. मग त्याने चित्रीकरण बघितलं. एक फेक या टीमच्या माणसाची होती, दुसरी त्या टीमच्या. मधूनच एखादी कुणाचीच नव्हती. त्याने पुन्हा पुन्हा फेकून बघितलं. आपल्या घरात शिरावं आणि दिव्याचं बटण हाताला सापडू नये, तसं झालं. तेव्हा त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर त्याला वाटत होतं की आपण फक्त टीममध्ये अडकलोय.

डिसेंबरात, बर्फ पडून गेल्यावर, नशिबाने कूस बदलली. पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला. त्याच्या जागी राखीव क्वार्टरबॅक म्हातारा चेट आला, तर शेवटच्या मिनिटात त्याचा अंगठा दोन हेल्मेटांत सापडला. सोमवारी मुख्य कोचनी गॅरेटला बोलावलं. ते खुर्चीतून उठले, म्हणजे प्रसंग मोठा होता.

"रविवारी तू. तयार आहेस?"

गॅरेट म्हणाला, "तीन वर्षं तयार आहे, कोच."

रविवारी समोर येणार होता कायरन डेलाक्रॉय. लुईझियानाचा, दिसायला देखणा, चालण्यात माज. बॉल खांद्याच्या खालून, बाजूने, आसूड मारावा तसा फेकायचा. सगळा देश त्या फेकीवर फिदा होता. त्यात एकच खोट होती. बाहेरच्या रेषेकडे फेकायचं असलं की क्षणभर आधी त्याच्या डाव्या पायाचा चवडा बाहेर वळायचा. हे ज्यांनी शोधलं ते अर्थातच ब्रूस्टर.

मंगळवारी सकाळी ते गॅरेटला खाणावळीत गाठायला आले. त्याच्यासमोरच्या बाकावर बसले आणि त्याच्याच ताटलीतला बटाटा उचलून खाल्ला.

"अंडी निवतायत, खा. डेलाक्रॉय कोण करणार?"

"कोच, रविवारी मी खेळतोय."

"वाचलं मी पेपरात. डेलाक्रॉय कोण करणार?"

"तो नवीन मुलगा घेतलाय ना..."

"तो? त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही. तो डेलाक्रॉय काय करणार, कपाळ!"

"मला माझी तयारी करायची आहे."

"कर की. आक्रमणाचा सराव सकाळी, माझा दुपारी. मुख्य कोचना विचारलंय मी. ते म्हणाले, पोरावर आहे. पोरगा म्हणेल तसं."

पोरावर आहे! या धंद्यात याहून लबाड वाक्य नाही. हुकूम असता तर गॅरेटला रागावता आलं असतं. 'नाही, कोच' हे दोन शब्द त्याने आरशासमोर उभं राहून कितीदा म्हटले होते. पण नोव्होसेलांच्या घरात आजारपणाला नाही म्हणतात, औषधाला नाही म्हणतात, कामाला नाही म्हणायचं कसं असतं ते कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि बापाचे शब्द बाहेर पडले.

"ठीक आहे, कोच. दोन्ही करतो."

ब्रूस्टरनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जाताना उरलेला बटाटाही नेला.

त्याने घरी फोन केला. रुडीने तर घर डोक्यावर घेतलं. "लॉरेटा, ऐकलंस का? पोरगा डबल शिफ्ट मारतोय! सकाळी आपल्याकडून, दुपारी त्यांच्याकडून!"

"डॅड, मी नाही म्हणायला हवं होतं का?"

"कामाला?" रुडीला प्रश्नच कळला नाही. "कशासाठी? झोपायला? अरे, तुझ्या वयात मी वादळात सलग ट्रक चालवला, सकाळी घरी आलो तर तुझी आई म्हणाली..."

वादळाची गोष्ट गॅरेटला पाठ होती. त्याने ती पुन्हा ऐकली.

बुधवारपासून त्याचा दिवस असा दुभंगला. सकाळी तो स्वतः असायचा, म्हणजे असण्याचा प्रयत्न करायचा. आपल्या आक्रमणाच्या गड्यांबरोबर चाली घोकायचा. त्यांना त्याची सवय नव्हती, त्याला त्यांची. दुपारी तो डेलाक्रॉय व्हायचा, आणि दुपारी सगळं कसं लोण्यासारखं चालायचं. हात खांद्याखालून फिरायचा, चाल बदलायची, बोलण्यात सुद्धा लुईझियानाचा हेल यायचा. ओमारी मुद्दाम चिडवायचा, "ए कायरन, तुझी केसांची बट बिघडली बघ!" पण ब्रूस्टरना केसांशी देणंघेणं नव्हतं.

"चवडा, पोरा, चवडा! तो चवडा वळवल्याशिवाय फेकतो का कधी? माझ्या गड्यांना तोच बघायचाय. परत!"

गॅरेट परत करायचा. परत आणि परत. शुक्रवारपर्यंत चवडा इतका आपसूक वळायला लागला की ब्रूस्टरना ओरडायची गरजच उरली नाही.

रविवारी पाठीवर स्वतःचं नाव आणि स्वतःचा आकडा घालून गॅरेट नोव्होसेल बोगद्यातून मैदानात आला. लॉरेटाने प्रेक्षकांत उभं राहून इतके फोटो काढले की शेवटी मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "बाई, जरा मैदानही बघू द्या." पहिल्या भागात त्याने फेकायचं टाळून बॉल बहुतेक वेळा जवळून पळणाऱ्या गड्यांच्या हातात दिला, जपून खेळला. लोकांनी टाळ्या दिल्या. मग मोठी फेक करायची वेळ आली. त्याने समोर नजर टाकली, आणि नजर जिवंत होती! तीन वर्षांनंतरही सगळं लख्ख दिसत होतं. बाहेरच्या रेषेजवळ त्याचा माणूस सुटत होता, कुठलंही कार्ड न बघता ते त्याला कळलं होतं. त्या एका क्षणात तो जितका सुखी होता तितका क्लेफर्ड सोडल्यापासून कधी नव्हता.

त्याने फेकलं. बॉल सुटायच्या आधीच समोरच्या टीमचा बचावपटू तेशॉन प्रुइट त्या जागेकडे पळत सुटला होता, जेवायला हाक आल्यासारखा. त्याने हवेतला बॉल आरामात काढून घेतला.

होतं असं कधीकधी. पण पुढच्या खेपेला तेच झालं. माणूस मोकळा, बॉल नेमका, आणि प्रुइट आधीच तिथे. तिसऱ्यांदा प्रुइटच्या हातातून निसटला म्हणून वाचला. ज्यांनी टाळ्या दिल्या होत्या तेच लोक आता ओरडायला लागले. "बसवा त्याला! चेटला आणा, अंगठ्याशिवाय आणा!" मुख्य कोचनी पुढे त्याला एकही बॉल फेकू दिला नाही. गॅरेट पळणाऱ्यांच्या हातात बॉल देत राहिला. आपली नजर चुकत नाही, बॉल चुकत नाही, मग चुकतंय काय, हे त्याला काही केल्या कळेना.

सामना मात्र त्यांनी जिंकला. तो जिंकला बचावफळीने. शेवटच्या काही मिनिटांत डेलाक्रॉयचा डावा चवडा बाहेर वळला आणि ओमारी वेस्टने मधल्यामध्ये बॉल पळवून, थेट शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केलं. ब्रूस्टर कडेला लहान मुलासारखे उड्या मारत होते.

सामना संपला की दोन्ही टीम्स मैदानाच्या मध्यावर एकमेकांना भेटतात. गॅरेटला कुणालाच भेटायचं नव्हतं. पण प्रुइट त्याला शोधत आला. माणूस साधा होता, चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती.

"वाईट वाटून घेऊ नकोस. एक विचारू का? तू कायरनकडे शिकलास का कधी?"

"नाही. का?"

"मग तो चवडा कुठून आणलास, बाबा?" प्रुइट हसला. "बाहेर फेकायच्या आधी त्याचा तसाच वळतो. मी सहा वर्षं रोज सरावात त्याच्यासमोर उभा आहे. त्याला सांगून सांगून थकलो, सवय सुटत नाही. आणि तो हात, खालून! आज तू पहिल्यांदा फेकलंस तेव्हा मला वाटलं, बुधवार आहे आणि मी घरीच आहे."

तीन वर्षं वाट बघून मिळालेल्या एकुलत्या एक सामन्यात तो डेलाक्रॉयचा पाय घेऊन उतरला होता, आणि तेही त्या माणसांसमोर, ज्यांना तो पाय घरच्यासारखा ओळखीचा होता. पलीकडे डेलाक्रॉय मान खाली घालून चालला होता. त्याच चवड्याने त्यालाही बुडवलं होतं, पण त्याचा निदान तो स्वतःचा होता.

सोमवारी मुख्य कोचच्या खोलीत ब्रूस्टरही होते. मुख्य कोच सरळ बोलणारे. चेट पट्टी बांधून पुढच्या रविवारी उभा राहील, म्हणाले. गॅरेटला मात्र टीम सोडणार नाही. सरावातल्या मुलांशी आठवड्याआठवड्याचा करार असतो, त्याला दोन वर्षांचा देऊ. ब्रूस्टर अभिमानाने मान डोलवत होते.

आणि गॅरेट नोव्होसेलने आयुष्यात पहिल्यांदा कामाला नाही म्हटलं.

"मला नको," तो म्हणाला. "मला सोंगं नकोत. काल मी वाईट खेळलो नाही, कोच. काल मी खेळलोच नाही. तुम्ही तीन दिवस माझ्या अंगात डेलाक्रॉय भरलात, आणि रविवारी तो निघाला नाही. हात त्याचा, चवडा त्याचा. प्रुइट स्वतः येऊन सांगून गेला. त्याला वाटलं, तो त्याच्या घरच्या सरावात आहे. त्याला वाटलं मी तोच आहे! माझं जे काही होतं ते तुम्ही..."

ब्रूस्टरनी हळूच तोंडातली काडी काढली.

"थांब. प्रुइट म्हणाला? तेशॉन प्रुइट?"

"हो."

"त्याला फरक कळला नाही?"

"नाही कळला! तेच सांगतोय मी."

ब्रूस्टरनी दोन्ही हात टेबलावर आपटले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत?" ते मुख्य कोचना म्हणाले. "सहा वर्षं त्याच्यासमोर उभा असलेला माणूस, आणि त्याला कळलं नाही! मी तुम्हाला काय सांगत होतो? तीन वर्षं मी काय सांगत होतो? असा माणूस या खेळात झालेला नाही!"

"कोच," गॅरेट म्हणाला, "मी तक्रार करतोय."

"अरे, कर ना! हवी तेवढी कर! पण तू काय बोलतोयस ते तुझं तूच ऐक तरी!"

मुख्य कोचही हसायला लागले. ते काही दुष्ट नव्हते, ब्रूस्टर तर त्याहून नव्हते. गॅरेटने जी आपली जखम म्हणून उघडून दाखवली तिच्यावर त्यांनी मनापासून पदक लावलं. त्याच्याकडे याहून मोठी तक्रार नव्हती.

ब्रूस्टरनी ती गोष्ट इमारतभर सांगितली. तिकडे प्रुइटने रेडिओवर हसत हसत सांगितली. मंगळवार दुपारपर्यंत देशातल्या सगळ्या कोचना ती माहीत झाली होती, आणि लेनीचा फोन आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"तीन टीम्स, गॅरेट! तीन! तुला तिथून सुटायचं होतं ना? घे, सगळी दारं उघडली! दोन वर्षं काय, चार वर्षं देतायत!"

"क्वार्टरबॅक म्हणून?"

"मग काय, स्वयंपाकी म्हणून? क्वार्टरबॅक म्हणूनच."

"कुठल्या दिवशी, लेनी?"

"बुधवारी. बुधवार ते शुक्रवार. रविवारचं आपण पुढे बघू ना. तू आधी हो तर म्हण."

त्याच्यामागोमाग घरून फोन आला. लेनीने, आशावादी माणूस तो, आधी तिकडेच कळवलं होतं. रुडीचा आवाज छपरापर्यंत गेला होता. "तीन टीम्स! मी म्हटलं नव्हतं? काम करत राहिलं की लोकांना दिसतं! लॉरेटा, घे, बोल पोराशी." आणि मग दूरवरून, दारातून, शेजाऱ्याला, "तीन टीम्स मागे लागल्यात आमच्या पोराच्या!"

लॉरेटाने फोन घेतला. तिने चेटची, थंडीची, जेवणाची चौकशी केली, आणि मग तिला खरं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"कुणाकडून खेळणार रे, बाळा?"

"सगळ्यांकडून, मॉम."

ती खळखळून हसली. पाद्रीबाबांच्या नकलेला हसायची तशी, खाली बसून. तिला वाटलं, पोरगं गंमत करतंय. गॅरेटने फोन छातीशी धरला म्हणजे तिला ऐकू जाणार नाही. त्याला रडू कोसळलं होतं, आणि आपण रडतोय ते तरी आपल्यासारखं आहे का, हे त्याला सांगता येत नव्हतं.